जिताड्यासाठी कोणते बूट द्याल?

पाय कधी खोटं बोलत नाहीत, असं म्हणणाऱ्या माणसानं चपलांचं दुकान चालवलेलं नसणार. मी महाडच्या बाजारपेठेत ते जन्मभर चालवलं, आणि सांगतो, पाय सर्रास खोटं बोलतात. फोटो काढताना माणसं पोट आत ओढतात, तशी माझ्यासमोर बोटं आत ओढून माप देतात. नऊ नंबरचा पाय आठच्या बुटात कोंबून ‘अगदी बरोब्बर बसला’ म्हणणारे गुरुजी मी पाहिलेत, आणि आठवड्यानं लंगडत येऊन ‘नाना, तुमचा माल आखडतो हो’ म्हणणारेही तेच. बायकांना तर मी नंबर विचारणंच सोडून दिलं होतं. माप डोळ्यांनी घ्यायचं, तोंडानं एक नंबर कमी सांगायचा आणि खोक्यातून बरोबर जोड काढायचा. सगळ्यांचा संसार सुखाचा होतो.

आता दुकान मुलगा बघतो. मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवतो. या अंकाच्या संपादकांनी ‘व्यवसायातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, चपलांवर काय लिहिणार? लोक चपला दाराबाहेर काढून मगच वाचायला बसतात." पोरगं बोललं ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त लागलं आणि मी लिहायला बसलो.

आमच्या धंद्यात महाडला तीन तऱ्हेचं गिऱ्हाईक. औद्योगिक वसाहतीतले पाळीवाले, त्यांना पुढे लोखंडी टोपी बसवलेले बूट लागतात. शिवथर आणि पोलादपूरच्या बाजूचे शेतकरी, त्यांना पावसाळ्यात चिखलाचे प्लॅस्टिकचे बूट लागतात आणि एरवी काहीच लागत नाही. तिसरे पुण्यामुंबईचे पर्यटक. ते शिवथरची घळ बघायला पातळ तळव्याच्या फॅन्सी चपला घालून येतात, एक पट्टा तिकडे तोडतात आणि उरलेली चप्पल हातात घेऊन माझ्या दुकानात शिरतात. शिवाय चौथं गिऱ्हाईक म्हणजे सावित्री नदी. ती पावसाळ्यात न बोलावता दुकानात येते, सगळी खोकी उघडून बघते आणि घेत काहीच नाही. पाणी ओसरलं की डाव्याला उजवा शोधत आम्ही घरातली सगळी माणसं आठवडाभर फरशीवर बसायचो. त्यातून ज्यांची जोडी जमायची नाही अशांची एक टोपली माझ्याकडे कायमची होती. ‘यातलं कुणी लग्नाचं आहे का?’ म्हणून बाजारपेठेतले लोक चेष्टा करायचे.

विचित्र गिऱ्हाइकांत पहिला मान दासगावच्या सुंदरामावशीचा. खाडीच्या खडकांवरची कालवं फोडून ती विकायची. कालव म्हणजे दगडाला चिकटलेला शिंपला. आत चव आणि बाहेर धार. मावशी घरातल्या प्रत्येक लग्नाआधी माझ्याकडून चप्पल न्यायची आणि लग्न झालं की ‘पायाला लागते’ म्हणून बदलायला आणायची. एकदा तळव्याला चक्क हळद होती.

"मावशी, ही हळद?"

"तुमच्याच दुकानात लागली असंल. मी तर घातली पन नाय."

मी बदलून दिली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भरल्या नदीला काठी दाखवणं.

दुसरा मान सबनीससाहेबांचा, आणि खरी हकिगत त्यांचीच आहे. साहेब वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. त्यांच्या कारखान्याला बूट मी पुरवायचो. नमुन्याचा बूट आला की साहेब त्यावर हातोडा टाकून बघायचे. आत बूट कंपनीच्या विक्रेत्याचा पाय असायचा. ‘तुमचा मालावर विश्वास आहे ना?’ एवढंच ते विचारायचे. घरीही तसंच. गणपतीची आरास माळ्यावरून काढायला ते हेल्मेट घालून शिडी चढत. वहिनी कुकर लावायच्या तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून शिट्ट्या मोजत. माणूस सज्जन, पण त्यांच्याबरोबर चहा प्यायलासुद्धा मला भीती वाटायची. काय पडेल, काय सांडेल आणि त्यावर मला किती वेळ ऐकून घ्यावं लागेल, याचा नेम नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गळ टाकून मासे पकडायचं मनावर घेतलं. लोकांना वाटलं, छंद. छंद कसला, ते दुखणं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी अलिबागच्या बाजूला दिली आहे. व्याही मोठे बागायतदार, शेताशेजारच्या तळ्यात जिताडे पाळतात. आमच्या रायगडात जिताडा हा नुसता मासा नाही. व्याह्याला खूश करायचं, साहेबाला वश करायचं, जावयाचा रुसवा काढायचा, सगळ्याला जिताडा. आणि व्याह्यांच्या घरी तो परसातल्या भाजीसारखा.

केतकीच्या पहिल्या दिवाळसणाला सबनीसवहिनींनी सावित्रीतल्या कोळंबीचं लोणचं घालून बरणी दिली. पुढे त्या लेकीकडे गेल्या तेव्हा बरणी फडताळात जशीच्या तशी होती, दोरासुद्धा सुटलेला नव्हता. व्याही हसत म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. पण तुमच्या कारखान्यांचं पाणी सुटतं त्या खाडीतलं काही खायचं म्हणजे आधी विमा उतरवायला हवा." घरातले सगळे हसले. केतकीही हसली, आणि वहिनींनी लेकीचं ते हसणं बघितलं.

हे वहिनींनी घरी येऊन सांगितलं, त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. त्यांनीच मला सांगितलं. "नाना, मी जन्मभर त्या कारखान्यातून ‘सर्व काही ठीक’ असं लिहून सही केली. आता माझ्याच लेकीला सासरी माझ्या नदीवरून ऐकून घ्यावं लागतं." मग म्हणाले, "मी या खाडीतला जिताडा माझ्या हातानं पकडणार. व्याह्यांच्या पानात वाढणार. आणि त्यांच्याबरोबर बसून खाणार."

व्याही मंडळींना कोजागिरीनंतरच्या रविवारचं जेवणाचं आमंत्रण गेलं. नवरात्र संपलेलं, दिवाळी लांब, सोमवार नाही, गुरुवार नाही, संकष्टी नाही. मासे खाणाऱ्या घराला पंचांगातून असा दिवस काढणं म्हणजे मुहूर्त काढण्याहून अवघड. आमंत्रण देऊन झाल्यावर साहेब माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "नाना, जिताड्यासाठी कोणते बूट द्याल?"

आता या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नाला, कारखान्याला, गडाला, शेताला, मैताला काय घालायचं ते मी झोपेतही सांगेन. पण खाडीत उतरून उभं राहायला काय घालतात? महाडचा असून खाडीच्या पाण्यात मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. ‘माहीत नाही’ म्हणणं दुकानदाराच्या जिवावर येतं. "चार दिवस द्या, खास माल मागवतो," असं मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला दासगावला गेलो.

तिथे तीन माणसांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून मासे धरणारा एक जण म्हणाला, "अनवानीच जायाचा. पायाला कळाया पायजे खाली काय हाय ता." त्याच्या अंगठ्याला नख नव्हतं. दुसऱ्यानं एकावर एक तीन मोजे घालायला सांगितलं. तिसरा म्हणाला गमबूट, आणि मग म्हणाला नको गमबूट. तो होडीतून मासे धरायचा, त्याचा पाय पाण्याला लागतच नव्हता. सुंदरामावशी खडकावर कालवं फोडत होती, तिला विचारलं तर म्हणाली, "दुकान तुमचा, नि इचारता मला?"

एवढ्या भटकंतीतून मला खाडीचा त्रास मात्र समजला. किनाऱ्याचा गाळ पाय आत ओढतो आणि सोडत नाही. गाळात फुटकी कालवं असतात, ती चामडं कापतात. वाळूत पाकट नावाचा चपटा मासा अंग पुरून बसतो, त्याच्या शेपटीला काटा असतो. म्हणून पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नसतं, सरकवत न्यायचं असतं, म्हणजे पाकट आधीच पळतो. तेव्हा बूट असा हवा, की गाळानं ओढला तर निघू नये आणि आपण ओढला तर निघावा. तळवा जाड हवा, पण खालचं कळायलाही हवं. पाणी आत येणार, ते बाहेरही जायला हवं. या सगळ्या अटी एकमेकींच्या सवती आहेत.

मी एका विक्रेत्याचं रंगीत पत्रक काढलं. त्यात एक गोरा माणूस निळ्याशार पाण्यात पट्ट्यांचे सँडल घालून उभा होता. पाणी इतकं स्वच्छ, की त्याची नखंसुद्धा दिसत होती. मी दोन जोड मागवले, एक साहेबांना आणि एक दुकानात ठेवायला.

साहेबांनी सँडल बोटाच्या चिमटीत धरला. "नाना, याची बोटं उघडी आहेत."

"पाणी निघून जातं त्यातनं."

"उघडी बोटं म्हणजे अपघाताला आमंत्रण. मला गमबूट द्या. गुडघ्यापर्यंतचे. आणि एक नंबर मोठे, आत लोकरीचे दोन मोजे घालणार आहे मी."

"साहेब, गमबुटात वरून पाणी शिरलं तर?"

"पाणी गुडघ्याच्या वर येणारच नाही," साहेब म्हणाले. "आपण येऊच देणार नाही."

इतका ठाम माणूस समोर असला, की दुकानदार वाद घालत नाही, खोकं बांधतो. मीही बांधलं.

शनिवारी सकाळी सबनीसवहिनी दुकानात आल्या. डोळे रडून लाल. "नाना, ते एकटेच निघालेत खाडीला. तुम्ही बरोबर जा हो. त्यांना पोहता येत नाही."

"वहिनी, मलाही येत नाही."

"मग दोघंही जपून राहाल," असं म्हणून त्यांनी डब्यात बांधलेल्या पोळ्या माझ्या हातात दिल्या. आता नाही कसं म्हणणार? मी दुकानात ठेवलेला सँडलचा जोड पायात चढवला आणि निघालो.

खाडीवर साहेबांना बघून कुत्री भुंकायला लागली. डोक्याला पिवळं हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, अंगात अंधारात चमकणारं जाकीट, पायात गमबूट. कारखान्यातली सगळी सुरक्षा अंगावर होती. पाण्यात तरंगायचं जाकीट मात्र नव्हतं, कारण कारखान्यात बुडण्याची सोय नव्हती.

ओहोटीला दासगावच्या खाडीत वाळूचा एक लांबट पट्टा उघडा पडतो. काठ आणि पट्टा यांच्यात अरुंद पाणी, पोटरीभर. पलीकडे खोल पात्र, जिताडा असतो तो तिथे. पट्ट्यावर उभं राहून गळ टाकायचा असं ठरलं. उतरण्याआधी साहेब म्हणाले, "थांबा. आधी पाण्याची खात्री करू."

इथे महाडच्या माणसाचं एक सांगायला हवं. आमचं पाणी वरून येतं. घाटात पाऊस झाला, की इकडे बाजारपेठेत पाणी. त्यामुळे पाण्याची शंका आली की महाडकर पूर्वेला बघतो, सह्याद्रीकडे, आणि वरच्या बाजूच्या नातेवाइकाला फोन लावतो. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा पोलादपूरकडे एक घर असलेलं बरं, असं म्हणतात. मी माझ्या मावसभावाला, बाळारामला, पोलादपूरला फोन लावला.

"बाळा, पाऊस आहे का रे तिकडे?"

"नाय रे बा. आभाळ निवळ हाय. नदी तर घोट्याएवढी बी नाय. का, काय झाला?"

"काही नाही. मासे धरायला आलोय."

"तू?" बाळाराम इतका हसला, की साहेबांनाही फोनमधून ऐकू गेलं.

आम्ही दोघांनी पूर्वेला नीट बघून घेतलं. एक ढग नव्हता. साहेबांनी मान हलवली, ‘सर्व काही ठीक’ म्हणाले, आणि आम्ही पाण्यात उतरलो. भरती-ओहोटी आम्हाला माहीत नव्हती असं नाही. पुराच्या दिवसांत ‘भरती आहे, पाणी ओसरायचं नाही’ असं महाडचं शेंबडं पोरही म्हणतं. पण पूर नसताना, स्वच्छ उन्हात, पाणी मागून पश्चिमेकडूनही येतं, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही समुद्राकडे पाठ करून उभे राहिलो.

गळाला जिवंत कोळंबी लावली. साहेबांनी फेकला. मग वाट बघणं. माझ्या सँडलमध्ये एव्हाना इतकी वाळू शिरली होती, की मी पोह्यांच्या पातेल्यात उभा आहे असं वाटत होतं. साहेब गमबुटात कोरडे होते आणि ते त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं.

"केतकीचा काल फोन आला होता," मध्येच ते म्हणाले. "म्हणाली, बाबा, नका ना हे करू, मला सवय झाली आहे. सवय झाली आहे म्हणाली, नाना." त्यांनी गळावरची नजर काढली नाही. मी वाळू झाडायला खाली वाकलो, आणि पाणी माझ्या घोट्याला लागलं. पट्टा निम्मा गेला होता.

काठावरून आरोळी आली. सुंदरामावशी कालवांची टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. "ओ शेठ! मागं बघा मागं! पानी भरतंय, येडे झालात काय रे!"

मी मागे बघितलं. काठ आणि पट्ट्यामधलं ते पोटरीभर पाणी आता चांगलं रुंद झालं होतं आणि महाडकडे चाललं होतं. नदी उलटी वाहताना मी तेवढी एकदाच बघितली.

"साहेब, चला!"

आणि नेमकी तेव्हा गळाची काठी वाकली. मी ओढतो त्यांना, ते ओढतात दोर, मावशी काठावरून आम्हा दोघांच्या खानदानाचा उद्धार करते. साहेबांनी हेल्मेट भिरकावलं, चष्मा भिरकावला आणि मासा वर काढला. जिताडाच होता, खरा, चंदेरी, लालसर डोळ्याचा. आकारानं माझ्या मापाच्या बुटाएवढा. मोठा जिताडा पोराला उचलत नाही, हा शर्टाच्या आत मावला. साहेबांनी तो खरोखरच शर्टाच्या आत टाकला, वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आता चला."

मधल्या पाण्यात आम्ही उतरलो तर ते मांडीपर्यंत. गमबुटात वरून पाणी शिरलं. दोन पावलांनी साहेब थांबले. पाय गाळात आणि गाळाची पकड बुटावर. मी त्यांचा हात धरून ओढलं, तसा माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि मी उताणा पडलो. उठलो तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला होतं.

"घाबरायचं नाही," साहेब म्हणाले. आवाज अगदी सभेतल्यासारखा, ओठ मात्र पांढरे. "अशा प्रसंगी सर्वप्रथम..." पुढचं त्यांना आठवेना. मग हळूच म्हणाले, "नाना, तुम्ही जा. मासा घेऊन जा. तुमच्या वहिनींना म्हणावं, जावयाला जास्त तिखट चालत नाही."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "पाय काढा बुटातनं!" मी ओरडलो. ते निघत नव्हते. लोकरीचे मोजे फुगून बुटात घट्ट बसले होते.

तेव्हा मी तेच केलं, जे मी जन्मभर केलं होतं. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलो. फरक इतकाच, की या वेळी डोकं पाण्याखाली होतं. घट्ट बूट पुढून ओढला तर आणखी आवळतो. टाचेमागे बोटं घालून फट केली, की सुटतो. नाकातोंडात खारट पाणी जात असताना मी साहेबांच्या टाचेमागे बोटं घातली आणि पाय वर ढकलला. एक सुटला. श्वास घेतला, परत खाली गेलो. दुसराही सुटला, मोजे बुटातच राहिले. तेवढ्यात मावशीनं डोक्यावरची टोपली खाली टाकून लुगड्याचा पदर आमच्याकडे फेकला होता. तो धरून आम्ही दोघं फुटक्या कालवांवरून काठाला लागलो. मी अर्ध्या सँडलवर होतो, साहेबांना तेवढंही नव्हतं. त्यांच्या तळव्यांच्या चिंध्या झाल्या. पण शर्टावरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही.

काठावर त्यांनी बटण काढून मासा दाखवला. मावशीनं तो बघितला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी?"

दुसऱ्या ओहोटीला तिनं ते गमबूट गाळातून उकरून काढले आणि दुकानात आणले. "तुमच्याच दुकानातले हायत. लेकीच्या नणंदेचा लगीन हाय, चप्पल द्या बदलून." मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला म्हटलं, चांगल्यातली दे.

रविवारी सबनीसांकडे जेवायला मला आणि आमच्या हिला बोलावणं होतं. वहिनी रात्रभर साहेबांच्या मागे लागल्या होत्या, की बाजारातून मोठा जिताडा आणू, कुणाला कळतंय? साहेब ऐकेनात. मग वहिनींनी कोळंबीचं कालवण केलं, चिंबोऱ्या केल्या आणि तो एवढासा मासा सगळ्यांना पुरावा म्हणून त्याच्या लाडवाच्या बुंदीएवढ्या तुकड्या केल्या. मी अतिशयोक्ती करतोय, पण फार नाही.

व्याही आले, बसले. केतकी वाढत होती. साहेब टाचांवर चालत आले, पावलांना पांढऱ्या पट्ट्या. व्याह्यांनी पट्ट्या बघितल्या, विचारलं काही नाही. मग पानात पडलेली तुकडी बघितली. ती बोटानं उलटली.

"हा जिताडा?"

"दासगावच्या खाडीतला," साहेब म्हणाले. "मी पकडला."

व्याह्यांचा थोरला मुलगा हसायला लागला, म्हणाला, "बाजारातून तर—"

"गप रे," व्याही म्हणाले. "बाजारातून आणला असता तर एवढासा आणला असता का? व्याह्यासाठी एवढासा जिताडा विकत घेणारा माणूस अजून रायगडात जन्माला यायचाय." त्यांनी तुकडी उचलून तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. तुकडी खाली उतरली. "चव आहे हो," ते म्हणाले. "आमच्या तळ्यातल्याला नाही अशी. अजून आहे?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग पुढच्या वेळी मोठा पकडा की! सूनबाई, तुझ्या बाबांना सांग, आम्ही परत येणार आहोत."

केतकी हसली. आधी तिथे सासरी ती कशी हसली होती ते मी पाहिलेलं नव्हतं, पण हे हसणं मी बघितलं. साहेबांनी तोंड फिरवून पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाचच बराच वेळ पाणी प्यायले.

सासरची मंडळी गेली, केतकी चार दिवस माहेरी राहिली. एक दिवस दुपारी ती दुकानात आली. "नानाकाका, खाडीत घालायचे बूट हवेत."

एव्हाना त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं होतं. पोरं शाळेत घालतात ते पांढरे कापडी बूट. पायाला घट्ट, वर नाडी, म्हणजे गाळ ओढत नाही आणि आपण सोडली तर निघतात. तळव्याजवळ दाभणानं चार भोकं पाडली, की पाणी निघून जातं. सगळ्यात स्वस्त माल, म्हणून आधी माझ्या डोक्यात आला नव्हता. मी साहेबांच्या मापाचा जोड काढला आणि दाभण हातात घेतलं.

"बाबांना नकोत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी त्यांना पाय भिजवायचे नाहीत म्हणून सांगितलंय. ते काठावर बसणार आहेत. मला हवेत."

"तू उतरणार?"

"हो. भरतीचं सगळं बघून ठेवलंय त्यांनी." ती बाकावर बसली. "काका, बाबा कारखान्यात होते तेव्हा मी त्यांच्याबरोबर कधी कुठे गेलेच नाही हो. जत्रा नाही, सिनेमा नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिकडे काहीतरी तपासायला जायचे. आता म्हणाले, येतेस का. मला लग्नानंतर विचारलं त्यांनी, येतेस का म्हणून."

गुडघे दुखतात म्हणून मी खाली बसणं कधीच सोडलं होतं, पण तिच्यासाठी बसलो आणि भोकं पाडून, बूट तिच्या पायात घालून नाड्या स्वतः बांधल्या, दुहेरी गाठीच्या. बाहेर रस्त्यावर रिक्षा उभी होती. आतून साहेबांचा पट्ट्यांनी बांधलेला पाय बाहेर डोकावत होता आणि गळाची काठी टपाच्या वर आली होती.

"झालं का गं?" साहेब ओरडले. "ओहोटी आपल्यासाठी थांबायची नाही!"

केतकीनं जुन्या चपला माझ्या फरशीवर तशाच टाकल्या आणि "आले, बाबा, आले," म्हणत ती पळत पायऱ्या उतरून गेली.